कोरियातील विधवा आई आणि तिची मोठी झालेली मुले : घर कोणाचे, निर्णय कोणाचा?

रानजाई (धागाकर्ती)

कोरियन मालिका मराठी घरांत पोहोचल्यापासून तिथली कडक सासू, दबलेली सून आणि कर्तव्याच्या ओझ्याखालचा थोरला मुलगा यांच्याविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते. मात्र त्या घरातील वडील गेल्यानंतर आईचे काय होते, ती कशावर जगते आणि तिच्या वतीने कोण ठरवते, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. यजमानांच्या नोकरीमुळे मी दक्षिण कोरियातील सुवोन शहरात राहते. आमच्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या सत्तरी-ऐंशीच्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि भाषा येऊ लागल्यापासून त्यांच्याशी माझे बोलणे होते. त्या बोलण्यातून आणि पुढे केलेल्या वाचनातून जे समजले, ते येथे मांडते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. मुले सांभाळत नाहीत, ही येथील विधवांची मुख्य तक्रार असल्याचे मला आढळले नाही. मुले फोन करतात, पैसे पाठवतात, दवाखान्यात नेतात. पण त्या काळजीबरोबरच घर, बँकेतील ठेव, औषधोपचार आणि सोबत यांविषयीचे निर्णय आईच्या हातून मुलांकडे सरकत जातात, आणि हे इतक्या मायेने घडते की तिला नाही म्हणणेही अवघड होऊन बसते. कायद्याने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कोरियन विधवेला बरेच काही दिले आहे. घराने अजून तेवढे दिलेले नाही, असे माझे मत झाले आहे.

याची मुळे जुनी आहेत. कोरियाच्या जुन्या चोसन राजवटीत स्त्रीने लग्नापूर्वी पित्याच्या, लग्नानंतर पतीच्या आणि पतीच्या पश्चात पुत्राच्या आज्ञेत राहावे, असा कन्फ्यूशियन दंडक होता. 'पिता रक्षति कौमारे' हे वचन ऐकलेल्या मराठी वाचकाला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. राजा सोंगजोंगच्या काळात, १४७७ साली, विधवांच्या पुनर्विवाहावर निर्बंध आणण्याचा निर्णय झाला आणि १४८५ च्या राज्यसंहितेने पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांना सरकारी पदांची वाट बंद केली. शिक्षा आईला नव्हती, तिच्या मुलांना होती, आणि म्हणूनच ती कोणत्याही आईला मोडता येण्यासारखी नव्हती. १८९४ च्या काबो सुधारणांनी विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक दिली. परंतु विसाव्या शतकात होजू ही कुटुंबप्रमुखाची पद्धत कायद्यातच बसली. वडील वारले की प्रमुखपद पत्नीकडे न येता मुलाकडे जाई, मग तो पाळण्यात का असेना. कागदोपत्री आई आपल्याच तान्ह्या मुलाच्या कुटुंबातील एक सदस्य ठरे. २००५ च्या फेब्रुवारीत घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती संपली. याचा अर्थ असा की, आज ऐंशीच्या घरात असलेली कोरियन आई वयाची साठी ओलांडेपर्यंत त्याच व्यवस्थेत जगली आहे. कायदा बदलला त्या दिवशी तिची किंवा तिच्या थोरल्या मुलाची सवय बदलली नाही.

आता आजची परिस्थिती. २०२३ च्या आकडेवारीनुसार कोरियन स्त्रीचे सरासरी आयुर्मान ८६.४ वर्षे आणि पुरुषाचे ८०.६ वर्षे आहे. त्यात पती सहसा वयानेही मोठा असतो. त्यामुळे वैधव्याचा काळ हा आयुष्याच्या शेवटी लागलेला लहानसा तुकडा राहिलेला नाही, तो स्वतंत्र विचार करावा एवढा मोठा काळ आहे. २०२३ च्या सरकारी वृद्ध पाहणीत ६५ वर्षांवरील ३२.८ टक्के लोक एकटे राहत असल्याचे आढळले. २०२० च्या पाहणीत हे प्रमाण १९.८ टक्के होते. मुलांसोबत राहणारे फक्त दहा टक्क्यांच्या आसपास आहेत. आईवडिलांना कुटुंबानेच सांभाळावे, असे १९९८ साली जवळजवळ ९० टक्के लोक सांगत होते; २०१८ साली असे सांगणारे २७ टक्क्यांच्या आसपास उरले. वीस वर्षांत एवढे मोठे मतपरिवर्तन झालेला दुसरा समाज माझ्या पाहण्यात नाही.

ज्या पिढीविषयी आपण बोलत आहोत, तिने आपली म्हातारपणाची पुंजी मुलांच्या शिक्षणात घातली. गावाकडचे बैल आणि शेताचे तुकडे विकून थोरल्याला सोलच्या विद्यापीठात धाडले, धाकट्या मुली कारखान्यांत कामाला लागल्या आणि त्यांच्या पगारातून भावांची फी भरली गेली. राष्ट्रीय निवृत्तिवेतन १९८८ साली आले, तेही प्रथम दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते. शेतकऱ्यांपर्यंत ते १९९५ साली आणि शहरांतील छोट्या व्यावसायिकांपर्यंत १९९९ साली पोहोचले. ज्या स्त्रीने आयुष्यभर शेतात, बाजारात किंवा घरात राबून काढले, तिच्या स्वतःच्या नावावर यातून जवळजवळ काहीच जमा झाले नाही. मुलगा हेच तिचे निवृत्तिवेतन होते. तो मुलगा आज पंचावन्न-साठ वर्षांचा आहे, त्याची नोकरी संपत आली आहे, त्याच्या मुलांना घर परवडत नाही, आणि त्याला आईचे घर दिसते आहे. या ठिकाणी दोघांपैकी कोणालाही दुष्ट ठरवता येत नाही, म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

कोरियात राहिलेल्या, तिथे सोयरीक झालेल्या किंवा तिथल्या कायद्याचा अभ्यास असलेल्या सभासदांनी आपली माहिती आणि मते जरूर लिहावीत.

कृष्णाकाठ

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्याच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. कोरियात ६५ वर्षांवरील लोकांतील सापेक्ष दारिद्र्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे आणि विकसित राष्ट्रांच्या आर्थिक संघटनेत ते सर्वाधिक आहे. पहाटे पुठ्ठे आणि रद्दी गोळा करून ढकलगाडीवरून नेणाऱ्या वाकलेल्या आजी सोलच्या रस्त्यांवर मी कामानिमित्त गेलो असता स्वतः पाहिल्या आहेत. ज्या बाईला थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च झेपत नाही, तिच्या बाबतीत निर्णयाच्या अधिकाराची चर्चा करणे मला पोकळ वाटते. तिला आधी अन्न आणि ऊब हवी, आणि ती देण्याचे पहिले कर्तव्य तिच्या पोटच्या मुलांचे आहे. एकटे राहण्याला स्वातंत्र्य म्हटले की मुलांची सुटका होते.

रानजाई

कृष्णाकाठ, दारिद्र्याचा मुद्दा तुम्ही मांडला ते योग्यच झाले. माझ्या लेखात तो यायला हवा होता. पण मुलांचे कर्तव्य गृहीत धरल्यामुळेच त्या आजींचे दारिद्र्य लांबले, हेही येथील वास्तव आहे.

२००० साली सुरू झालेल्या किमान उपजीविका साहाय्याच्या कायद्यात, अर्जदाराला सांभाळू शकणारे जवळचे नातेवाईक नाहीत किंवा ते असमर्थ आहेत, हे दाखवावे लागे. आईने अर्ज केला की मुलाच्या आणि सुनेच्या उत्पन्नाची चौकशी होई. ज्या मुलाशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, तो केवळ कागदावर आहे म्हणून मदत नाकारली जाई. आणि संबंध तुटले आहेत हे सिद्ध करायचे, तर आपल्या पोराने आपल्याला टाकले असे सरकारी कचेरीत आईलाच सांगावे लागे. अनेक स्त्रियांनी ते सांगण्यापेक्षा अर्जच केला नाही. उपजीविका साहाय्यापुरती ही अट २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, फार श्रीमंत मुलांचा अपवाद ठेवून, काढून टाकण्यात आली; वैद्यकीय साहाय्यासाठी ती अजून पूर्णपणे गेलेली नाही. तेव्हा निर्णयाचा अधिकार ही पोटभरल्यांची चर्चा आहे, असे मला वाटत नाही. मुलाला मध्ये न घालता मदत मागता येणे, हा त्या आजीच्या जेवणाचाच प्रश्न होता.

विधवेच्या हाती प्रत्यक्ष काय येते तेही लिहिते. पतीने निवृत्तिवेतनाचे हप्ते भरले असतील, तर भरलेल्या वर्षांनुसार त्याच्या मूळ रकमेच्या ४० ते ६० टक्के तिला वारस म्हणून मिळतात. तिचे स्वतःचे निवृत्तिवेतन असेल तर दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. पतीचे पूर्ण घ्यायचे, किंवा स्वतःचे घेऊन पतीच्या वारस-वेतनाचे ३० टक्के वर घ्यायचे, अशी निवड करावी लागते. याखेरीज २०१४ च्या जुलैपासून ६५ वर्षांवरील सुमारे ७० टक्के लोकांना मूलभूत निवृत्तिवेतन मिळते. २०२५ साली एकट्या व्यक्तीसाठी त्याची कमाल रक्कम महिना ३ लाख ४२ हजार वोनच्या आसपास होती. एवढ्यावर सुवोनमध्ये भागत नाही. पण हे पैसे थेट तिच्या खात्यात येतात, त्यासाठी मुलाचा फोन येण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि माझ्या ओळखीच्या आजी रकमेपेक्षा याचाच उल्लेख अधिक करतात.

एकटे राहणे म्हणजे टाकून दिलेले असणे, हे समीकरणही येथे सरसकट लागू पडत नाही. जेजू बेटावर एकाच आवारात समोरासमोर दोन घरे बांधण्याची जुनी रीत आहे. एकात आईवडील आणि दुसऱ्यात विवाहित मुलगा राहतो, दोघांच्या चुली वेगळ्या असतात आणि सासू हातपाय चालतात तोवर आपले स्वतः रांधून खाते. समुद्रात सूर मारून कमावणाऱ्या हेन्यो स्त्रियांच्या त्या बेटावर यात कोणालाही दुरावा वाटत नाही. शहरांतही मुलांनी रस्सा निवणार नाही इतक्या अंतरावर राहावे, असे म्हातारी माणसे आवर्जून म्हणतात. अंतर हवे आणि तेही बेताचे हवे. येथील फ्लॅटना आकड्यांची कुलपे असतात आणि सासूला सुनेच्या घराचा आकडा माहीत असावा का, यावरून घराघरांत वाद होतात. त्या वादाची दुसरी बाजू मात्र कोणी बोलत नाही: आईच्या घराचा आकडा सगळ्या मुलांना माहीत असतो आणि तो तिला विचारून घेतलेला असतोच असे नाही.

तळटीप

मी वकील आहे आणि कोरियन कंपन्यांच्या पुणे परिसरातील कामांमुळे कोरियन दिवाणी कायदा मला थोडाफार वाचावा लागला. मालमत्तेच्या बाजूची काही माहिती देतो.

कोरियन दिवाणी संहितेनुसार वारसाहक्कात प्रत्येक अपत्याला एक वाटा आणि हयात जोडीदाराला दीड वाटा मिळतो. दोन मुले असतील तर एकूण साडेतीन वाट्यांपैकी आईचे दीड, म्हणजे सात हिश्श्यांतील तीन, आणि प्रत्येक मुलाचे दोन. मुलगा आणि मुलगी यांचे वाटे १९९१ पासून समान आहेत. त्यापूर्वी विवाहित मुलीचा वाटा मुलाच्या एक चतुर्थांश होता. ऐकायला हे उदार वाटते, परंतु ज्या घरात ती चाळीस वर्षे राहिली, त्याच्या निम्म्याहून अधिक भागाची मालकी पतीच्या निधनाबरोबर मुलांकडे जाते. घर पूर्णपणे आईच्या नावावर राहावे असे ठरले, तर सर्व वारसांनी एकमताने वाटणीपत्र करून त्यावर आपला नोंदणीकृत शिक्का (तिथे तो सहीच्या जागी असतो) उमटवावा लागतो. वारसाकराचे विवरण मृत्यूच्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत भरायचे असल्यामुळे ही सगळी बोलणी दुःख ताजे असतानाच होतात, आणि त्या वेळी आई बहुधा जे पुढे येईल त्याला मान हलवते.

आता मुलांना आधीच दिलेल्या मालमत्तेविषयी. बक्षीस घेणाऱ्याने देणाऱ्याला सांभाळण्याचे कर्तव्य पाळले नाही तर बक्षीस रद्द करता येते, असे संहितेचे कलम ५५६ म्हणते; परंतु कलम ५५८ नुसार जे प्रत्यक्ष देऊन झाले आहे त्याला हे लागू होत नाही. घर मुलाच्या नावावर चढले की आईवडिलांचे हात बांधले जात. यातूनच लेखी अट घालून घर देण्याची पद्धत आली आणि तिला लोक 'ह्योदो करार', म्हणजे मातृपितृसेवेचा करार, म्हणतात. २०१५ च्या डिसेंबरमधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यासाठी प्रसिद्ध आहे. वडिलांनी २००३ साली सोलमधील दुमजली घर मुलाला दिले होते आणि एकाच घरात राहून आईवडिलांना नीट सांभाळीन, न सांभाळल्यास करार रद्द होण्यास हरकत घेणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतले होते. मुलाने ते पाळले नाही आणि न्यायालयाने त्याला घर परत करायला लावले. कागद नसता तर निकाल उलट लागण्याची शक्यता मोठी होती.

भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अशी हस्तांतरणे न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतात आणि महाराष्ट्रातही ती होतात. आईने मुलाशी करार करणे आपल्याला कठोर वाटेल. माझ्या मते तो कागद दोघांच्याही सोयीचा असतो, कारण अपेक्षा काय आहे हे त्यात आधीच लिहिलेले असते.

सांजवेळ

हा धागा वाचून लिहायला बसले, कारण माझे सासर कोरियातील देगू शहराचे आहे. सासरे गेले तेव्हा मी सून म्हणून तीनही दिवस इस्पितळाच्या अंत्यविधीगृहात होते. शोक करणाऱ्यांत मुख्य मान थोरल्या मुलाचा असतो. दंडावर पट्टी बांधून येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझे मोठे दीर सामोरे जात होते, आहेराची पाकिटे कोणाकडून किती आली याची वही पुतण्या लिहीत होता, आणि जिचा नवरा गेला होता त्या सासूबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. दहन कुठे करायचे, अस्थी कोणत्या स्मृतिगृहात ठेवायच्या, हे त्यांना विचारले गेले ते ठरल्यानंतर. कोणीही त्यांचा अपमान केला नाही. सर्वांना त्यांना त्रास द्यायचा नव्हता, एवढेच.

पितरांच्या जेसा विधीचा मान कोणाचा, याविषयी २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा आमच्या घरात त्यावर पुष्कळ बोलणे झाले. एका मृत गृहस्थाची पत्नी आणि दोन मुली त्याच्या अस्थी मागत होत्या. विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाच्या आईने त्या परस्पर स्मृतिगृहात ठेवल्या होत्या. २००८ च्या जुन्या निकालाप्रमाणे, वारसांत एकमत नसेल तर मुलगा हाच विधीचा अधिकारी ठरत असे, म्हणून खालच्या न्यायालयांनी त्या स्त्रियांविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून असे ठरवले की, एकमत नसल्यास वंशजांतील वयाने सर्वांत मोठी व्यक्ती, मग ती मुलगी असो वा मुलगा, अधिकारी समजावी. माझ्या नणंदबाई भावंडांत सर्वांत मोठ्या आहेत. त्यांनी निकाल वाचून दाखवला तेव्हा दीर काही बोलले नाहीत. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या की, यात पत्नीचे नाव कुठेच नाही. हे माझ्या आधी लक्षात आले नव्हते. कायद्याने थोरल्या मुलाच्या जागी थोरले अपत्य आणले, विधवा तरीही रांगेच्या बाहेरच राहिली.

दिवस झाल्यानंतर दिरांनी प्रस्ताव मांडला की देगूचे घर विकावे, आईने सोलजवळच्या बुंदांगमध्ये दिरांच्या घरी राहावे आणि विक्रीचे पैसे त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या घरासाठी वापरावेत. ते मनाने चांगले आहेत आणि आईला खरोखरच न्यायला तयार होते. सासूबाईंनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे होते की बुंदांगमध्ये त्या दिवसभर दोन शयनगृहांपैकी एका खोलीत सून कामावरून यायची वाट पाहत बसतील, आणि देगूमध्ये त्यांना रोज जेवायला बोलावणाऱ्या सहा बायका आहेत. त्या बायका वस्तीतील ग्योंगनोदांगमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सभागृहात जमतात. देशभरात अशी साठ हजारांहून अधिक सभागृहे आहेत, तांदूळ आणि हीटिंगसाठी सरकार मदत करते, आणि हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या स्त्रिया दिवसाचा मोठा भाग तिथेच काढतात. मी सासूबाईंसोबत तिथे बसले आहे. कोण पडले, कोणाच्या मुलाचा फोन आला नाही, कोणाला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कधी जायचे आहे, हे सगळे तिथे आमच्या आधी कळते. मुलांना मात्र 'आई एकटी असते' एवढेच दिसते.

नोव्हेंबरच्या अखेरीस किमजांगसाठी, म्हणजे हिवाळ्याची किमची एकत्र घालण्यासाठी, आम्ही सर्व देगूला जमतो. सासूबाई मीठ लावलेल्या कोबीच्या पानापानांत मसाला भरून प्रत्येक मुलाचे किमचीचे डबे वेगळे भरतात. एका वर्षी त्यांना त्रास नको म्हणून दिरांनी बाजारातून विकत आणू असे सुचवले आणि त्या पहिल्यांदा खरोखर रागावल्या. मुलांच्या घरी त्यांचे जे काही चालते ते त्या डब्यांतूनच चालते, असे मला वाटते.

घाटमाथा

पुनर्विवाहाविषयी कोणी लिहिले नाही. साठी-पासष्टीत वैधव्य आले आणि पुढे वीस वर्षे आयुष्य असेल, तर सोबतीची गरज स्वाभाविक आहे. मुले याला विरोध करतात का?

रानजाई

करतात, आणि तळटीप यांनी दिलेल्या हिशेबात त्याचे कारण दडलेले आहे. विधुर वडिलांनी लग्नाची नोंदणी केली की नव्या पत्नीला दीड वाट्याचा हक्क लगेच लागू होतो. लग्न एक वर्षाचे असो की वीस वर्षांचे, दोन मुलांच्या घरात सातांपैकी तीन हिस्से तिचे. त्यामुळे वडिलांच्या सोबतीला मुलांची हरकत नसते, नोंदणीला असते. स्त्रीच्या बाजूने अडचण वेगळी आहे. पुनर्विवाह केला की मृत पतीमुळे मिळणारे वारस-वेतन बंद होते, आणि नोंदणी न करता पतिपत्नीसारखे राहिले तरी ते बंद होऊ शकते. उलट नोंदणी नसेल तर नव्या जोडीदाराच्या निधनानंतर घरात तिचा वारसाहक्क शून्य. आठ-दहा वर्षे ज्याची सेवा केली त्याची मुले आठवड्याभरात घर मोकळे करायला सांगू शकतात. म्हणून येथे पुष्कळ ज्येष्ठ जोडपी आपापली घरे ठेवून भेटत राहतात, एकत्र फिरायला जातात आणि रात्री आपल्या घरी परततात. मुलांना आई 'मैत्रिणीकडे' गेली आहे असे सांगितले जाते, आणि मुलेही फार विचारत नाहीत. साठ-सत्तर वर्षांच्या स्त्रीला मुलांपासून हे लपवावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

कृष्णाकाठ

उपजीविका साहाय्याच्या अटीविषयीचे तुमचे उत्तर पटले. एक शंका मात्र आहे. एकटेपणातील मृत्यूंच्या बातम्या कोरियातून सतत येतात. त्या याच विधवा आहेत ना?

रानजाई

बहुतांशी नाहीत. कोणाच्याही नकळत घरी झालेल्या आणि काही काळाने उघडकीस आलेल्या मृत्यूंची नोंद कोरियन सरकार ठेवते; यासाठी खास कायदा २०२१ पासून लागू आहे. २०२३ साली अशा ३,६६१ मृत्यूंची नोंद झाली आणि त्यांत ८० टक्क्यांहून अधिक पुरुष होते, तेही मुख्यतः पन्नाशी आणि साठीतील. घटस्फोट झालेले, नोकरी गेलेले, मुलांशी बोलणे तुटलेले हे पुरुष आहेत. मुलांशी असलेला वडिलांचा संबंध बहुधा आईमार्फतच चालत आलेला असतो. ती गेली किंवा वेगळी झाली की तो धागा धरायला कोणी उरत नाही. ज्येष्ठांच्या सभागृहातही बायकांच्या खोलीत गर्दी असते आणि पुरुषांच्या खोलीत दोघे-तिघे बसलेले दिसतात. विधुरांवर खरे तर वेगळा धागा निघावा.

तळटीप

सांजवेळ, तुमच्या सासूबाईंना देगूच्या घरातच राहायचे असेल, तर गृह-निवृत्तिवेतनाची चौकशी करा. कोरियाच्या सरकारी गृहवित्त महामंडळाची ही योजना २००७ पासून आहे. घर तारण ठेवून आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते, घरात राहताही येते, आणि २०२० पासून वयाची अट ५५ वर्षांवर आली आहे. जुन्या तारण पद्धतीत एक खोच होती: घर पतीच्या नावावर असेल आणि तो आधी वारला, तर पत्नीला ही रक्कम पुढे चालू ठेवण्यासाठी सर्व मुलांच्या संमतीने घर आपल्या नावावर करून घ्यावे लागे. एका मुलाने जरी शिक्का द्यायला नकार दिला तरी तिचे मासिक उत्पन्न थांबे. २०२१ च्या जूनपासून विश्वस्त पद्धत आली आणि तीत हक्क मुलांना न विचारता थेट हयात जोडीदाराकडे जातो. पतिपत्नी दोघे हयात असताना ही पद्धत निवडणे महत्त्वाचे आहे, हे तुमच्या ओळखीच्या इतर कुटुंबांना जरूर सांगा.

सांजवेळ

सासऱ्यांच्या वेळी हे आम्हाला माहीत नव्हते, पण वाटणीपत्रावर तिघाही भावंडांनी शिक्के दिले आणि घर आता सासूबाईंच्या नावावर आहे. दिरांनी शेवटी दिला. नणंदबाईंनी त्यासाठी त्यांच्याशी बरेच बोलणे केले.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई घसरून पडल्या, तेव्हा दीर्घकालीन शुश्रूषा विम्यासाठी अर्ज केला. हा विमा २००८ च्या जुलैपासून आहे. आरोग्य विमा मंडळाचा माणूस घरी येऊन चालणे, जेवण, आंघोळ, स्मरण यांची पाहणी करतो आणि श्रेणी ठरते. घरी सेवा घेतल्यास खर्चाचा १५ टक्के आणि निवासी केंद्रात २० टक्के भाग आपण भरायचा असतो. दिरांनी बुंदांगजवळचे एक निवासी केंद्र पाहून ठेवले होते. सासूबाईंनी देगूमधील दिवसाचे केंद्र निवडले, सकाळी गाडी येते आणि संध्याकाळी परत सोडते. उरलेली बाजू नणंदबाई सांभाळतात. त्या रोज येतात, औषधे भरून ठेवतात, आंघोळ घालतात, आणि हे सर्व त्यांची स्वतःची नोकरी सांभाळून. घरातील लोक मुलगी आहे म्हणून करते असे धरून चालतात. मुलाने याच्या चौथा हिस्सा केले असते तर सर्वांनी कौतुक केले असते.

सासूबाईंना हे दिसते. घराचा मोठा भाग मुलीला मिळावा असे त्यांच्या मनात आहे आणि त्यांनी स्वहस्ते एक कागद लिहून कपाटात ठेवला आहे, असे मला त्यांनी सांगितले. तो पुरेसा आहे का?

तळटीप

ज्या वारसाने मृत व्यक्तीची विशेष सेवा केली त्याला वाढीव वाटा देण्याची तरतूद कोरियन कायद्यात आहे, पण त्यासाठी इतर वारसांची संमती लागते, नाहीतर कौटुंबिक न्यायालयात जावे लागते. तेथे अपत्याकडून साधारणपणे अपेक्षित असलेल्यापेक्षा अधिक केले, हे नणंदबाईंना सिद्ध करावे लागेल. म्हणून मृत्युपत्र हाच चांगला मार्ग आहे. मात्र मृत्युपत्र केले तरी प्रत्येक अपत्याचा कायदेशीर वाट्याच्या निम्म्याएवढा राखीव हिस्सा राहतो, त्यामुळे तुमचे यजमान आणि दीर यांच्याशी सासूबाईंनी आत्ताच मोकळेपणाने बोललेले बरे.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रासाठी कलम १०६६ च्या अटी कडक आहेत. संपूर्ण मजकूर, तारीख, पत्ता आणि नाव हे सर्व त्यांच्याच हाताने लिहिलेले हवे आणि खाली शिक्का हवा. टंकलिखित चालत नाही. इच्छा स्पष्ट असूनही केवळ पत्ता लिहिलेला नाही म्हणून मृत्युपत्र अवैध ठरल्याचे निकाल आहेत. हात थरथरत असेल तर साक्षीदारांसमोर नोटरीकडून करून घ्यावे. तोवर कपाटातल्या कागदावर पत्ता आणि शिक्का आहे का, हे त्यांनाच एकदा पाहायला सांगा.